टाको खायचा तर घड्याळ बघून: आक्तोपान, शिलोशोचित्ला, किरोगा

मेक्सिकोच्या छोट्या गावात उतरल्यावर पहिला प्रश्न 'कुठे मिळेल' हा नसावा, 'किती वाजेपर्यंत मिळेल' हा असावा. मोठ्या शहरातल्या ताकेरियात, म्हणजे टाकोच्या दुकानात, दिवसभर सगळं मिळतं. गावात एक घर एकच पदार्थ करतं. त्याची तयारी आदल्या रात्री सुरू होते, सकाळी माल तयार होतो आणि दुपारपर्यंत संपतो. बार्बाकोआ (खड्ड्यात शिजवलेलं मांस) शनिवार-रविवारी सकाळी, टोपलीतले टाको न्याहारीला, कार्नितास (चरबीत शिजवलेलं डुकराचं मांस) जेवणाच्या जरा आधी आणि उभ्या सळईवर भाजलेल्या मांसाचा पास्तोर अंधार पडल्यावर, असा साधारण हिशेब आहे. दुपारी चारला पोचलात तर गावातला सर्वांत चांगला टाको संपलेला असतो, आणि जे उरतं त्यावरून गावाबद्दल मत बनवू नये.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींना हे फिरणं सोपं आहे. अमेरिकेचा चालू व्हिसा पासपोर्टवर असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. नियम बदलतात, म्हणून निघण्याआधी एकदा खात्री करून घ्यावी.

सुरुवात आक्तोपानपासून करावी, असं माझं मत. हे इदाल्गो राज्यातलं गाव मेक्सिको सिटीपासून सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. सिटीच्या उत्तर टर्मिनलवरून बस मिळते, साधारण दोन तास लागतात. सोळाव्या शतकातला ऑगस्टिनियन मठ चौकातच आहे, तो खाणं झाल्यावर बघता येतो. बस मात्र पहाटेचीच पकडा. आठ-साडेआठला पोचणं उत्तम, दहा चालतील, बारा वाजले की उशीर झाला.

इथली बार्बाकोआ मेंढीची असते. जमिनीत मीटरभर किंवा त्याहून खोल खड्डा असतो, आतून दगड किंवा विटांनी बांधलेला. त्यात ओकची किंवा मेस्कीतची लाकडं दगड पांढरे पडेपर्यंत जाळतात. धूर संपून नुसते निखारे उरले की तळाशी पातेलं जातं: पाणी, छोले, थोडा तांदूळ, गाजर, कांदा, मिरची आणि एपासोते नावाचा उग्र वासाचा पाला. पातेल्यावर जाळी, जाळीवर मागेयची पानं आणि त्यांच्यावर मांस. मागेय ही घायपाताच्याच कुळातली वनस्पती, फक्त पान वीतभर रुंद आणि पुरुषभर लांब. वरून पुन्हा पानं, मग पत्रा आणि शेवटी माती किंवा चिखल लिंपून सगळ्या फटी बंद. रात्री आठ-नऊला पुरलेलं मांस पहाटे पाच-सहाला निघतं. रात्रभर चरबी आणि रस खालच्या पातेल्यात ठिबकत राहतात, आणि त्याचंच कोन्सोमे, म्हणजे रस्सा, होतं.

बिघडतं ते तीन ठिकाणी. पानं आधी आगीवर भाजून मऊ केली नाहीत तर ती वाकत नाहीत, फटी राहतात आणि कच्चा रस मांसाला कडवट करतो. माती नीट लिंपली नाही तर वाफ निसटते आणि मांस कोरडं पडतं. लाकूड पुरतं जळायच्या आत खड्डा बंद केला तर धुराचा चव मारणारा वास बसतो. चौथी गोष्ट बिघाडाची नाही, लबाडीची आहे: मांस गॅसवर मोठ्या पातेल्यात वाफवायचं आणि दाखवायला वर एक पान ठेवायचं. ती ओळखायची कोन्सोमेवरून. खड्ड्यातल्या कोन्सोमेला धुराचा हलका वास असतो, वर सोनेरी तवंग असतो आणि छोले अख्खे पण बोटाने दाबले तर मोडणारे असतात. नुसत्या खारट पाण्यात चार छोले दिसले तर एवढ्यावरच थांबून पुढच्या दुकानात जावं.

म्हणून मागवायचं ते आधी कोन्सोमे. वाटीत चिरलेला कांदा, कोथिंबीर आणि लिंबू स्वतः घालून घ्यायचं. मग मांस. ते वजनावर मिळतं, माणशी पाव किलो पुरे. भाव आधी विचारा, कारण तो किलोचा असतो आणि बार्बाकोआ स्वस्त नसते. नुसती मासिसा, म्हणजे निव्वळ लाल मांस, मागण्यात नवखेपणा दिसतो; खांदा आणि मानेजवळचं थोडं मिसळून मागा, तिथे चरबी आणि स्नायू विरघळून मांस ओलं राहतं. पान्सिता नावाचा प्रकारही बघावा: मेंढीच्या पोटाच्या पिशवीत काळीज वगैरे बारीक चिरून, मिरची-मसाला घालून, शिवून त्याच खड्ड्यात शिजवलेला. ज्यांना वजडी आवडते त्यांनी तो सोडू नये. सोबतची काळपट चटणी, साल्सा बोर्राचा, सुक्या पासिया मिरचीची असते, तिच्यात मागेयच्या रसाची आंबवलेली पुल्के असते. दारू टाळणाऱ्यांनी हिरवी साल्सा घ्यावी.

दुकान निवडायची खूण आहे: गावातली माणसं घरून डबे आणि पातेली घेऊन कोन्सोमेसाठी रांगेत उभी आहेत का बघा. शनिवार-रविवार जमत नसेल तर बुधवार धरा, त्या दिवशी आक्तोपानचा आठवडी बाजार, म्हणजे तियांगिस, भरतो.

बाजारात शाकाहारी माणसाचीही सोय होते. कोळशाच्या किंवा गॅसच्या कोमालवर, म्हणजे तव्यावर, निळ्या मक्याचे लांबट तलाकोयो भाजत बसलेल्या बायका दिसतील. आत वाल-घेवड्याच्या जातीच्या हाबाचं, बीन्सचं किंवा रिकोतासारख्या ताज्या चीजचं सारण असतं, वर निवडुंगाच्या पानांची कोशिंबीर आणि किसलेलं चीज. भोपळ्याच्या फुलांची केसादिया, म्हणजे सारण भरून दुमडलेली मक्याची पोळी, तर हमखास मिळते. फक्त एक प्रश्न दर वेळी विचारायचा: 'येवा मान्तेका?' मान्तेका म्हणजे डुकराची चरबी. बीन्स परतताना ती सर्रास घालतात आणि 'मांस आहे का' असं विचारलं तर बाई प्रामाणिकपणे 'नाही' म्हणते. मांस खाणाऱ्यांनीही चार शब्द पाठ ठेवावेत: बोर्रेगो मेंढी, चिवो बकरा, प्वेर्को किंवा सेर्दो डुक्कर, रेस गाय-बैल. पदार्थाच्या नावावरून मांस ठरत नाही. इदाल्गोत बार्बाकोआ मेंढीची, पण उत्तरेकडे आणि टेक्सासमध्ये ती बहुधा गुरांच्या डोक्याची. बिर्रिया (मिरचीच्या रस्स्यातलं मांस) मूळची हालिस्कोत बकऱ्याची, तिहुआनात रेसची. स्वाडेरो, म्हणजे पोटाजवळचं मऊ मांस, बहुधा रेसचं, पास्तोर बहुधा डुकराचं, तरी विचारून घ्यावं.

आता तोर्तिया, म्हणजे टाकोची मक्याची पोळी. मांस कितीही चांगलं असो, तोर्तिया वाईट असेल तर टाको वाईटच. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसेच ठेवतात. एक किलो दाण्यांना साधारण 10 ग्रॅम चुना आणि तीन लिटर पाणी. हा चुना आपण पानाला लावतो तोच, खाण्याचा. साल बोटांनी चोळून सुटायला लागली की आच बंद. सकाळी दाणे धुऊन ओलेच दगडी चक्कीत दळायचे. चुन्याने साल तर निघतेच, पण पिठाला चिकटपणा येतो, आणि मक्यात अडकून असलेलं नायासिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागतं. आपली मक्याची भाकरी थापताना कडेला चिरते आणि गार झाली की मोडते. चुन्यातल्या पिठाची तोर्तिया दुमडली तरी तुटत नाही, ती या एका पायरीमुळे. चुना जास्त झाला तर तोर्तिया पिवळट होते आणि साबणासारखी लागते, दाणे जास्त शिजले तर पीठ तव्याला चिकटतं.

अनेक ठिकाणी आता तयार कोरड्या पिठाच्या तोर्तिया वापरतात. परीक्षा सोपी आहे. एक कोरी तोर्तिया मागून घ्या, दुमडा, पुन्हा उघडा. घडीवर भेग पडली किंवा तुकडे कागदासारखे सुटले तर पीठ पाकिटातलं किंवा तोर्तिया शिळी. ओल्या पिठाच्या तोर्तियाला उकडलेल्या कणसाचा वास येतो आणि एका बाजूला पापुद्रा सुटलेला दिसतो, कारण ती तव्यावर फुगलेली असते. हाताने करणारी बाई असेल तर तिचे हात बघा: पहिली बाजू कडा सुकेपर्यंत जेमतेम पंधरा-वीस सेकंद, दुसरी पाऊण मिनिट, तिसऱ्यांदा उलटली की फुगते. पहिली बाजू जास्त ठेवली तर ती कधीच फुगत नाही.

शिलोशोचित्ला हे त्लास्काला राज्यातलं, त्लास्काला आणि प्वेब्ला या दोन शहरांच्या मधलं गाव, पूर्ण नाव सान विसेंते शिलोशोचित्ला. ताको दे कानास्ता, म्हणजे टोपलीतले टाको, हा इथल्या घराघराचा धंदा आहे. इथले लोक ते सायकलवरून आणि गाड्यांतून शहरांत विकायला नेतात. त्यामुळे गावात खायचे असतील तर लवकर जावं लागतं, विकणारे बाहेर पडायच्या आत.

वेताच्या टोपलीला आधी प्लास्टिक, मग कापड, मग जाड कागद. पातळ तोर्तियावर चमचाभर सारण ठेवून अर्धी घडी: बटाटा, वाटलेले बीन्स, डुकराच्या तळलेल्या कातडीचं चिचारोन किंवा तिखट अडोबो, म्हणजे मिरचीच्या वाटणातलं मांस. प्रत्येक सारणाचा थर वेगळा, मधे कांद्याच्या चकत्या. मग ग्वाहियो मिरची घालून कडकडीत तापवलेलं तेल थरांवर ओतायचं आणि टोपली लगेच गुंडाळून बंद करायची. त्यातली वाफ टाकोंना मऊ करते आणि तेलाचा थर असल्याने तोर्तिया पाणी पिऊन लगदा होत नाही. अर्धा-पाऊण तास तरी तसं मुरू द्यावं लागतं. तेल पुरेसं तापलेलं नसेल तर टाको नुसता तेलकट आणि कोमट राहतो. सारण पातळ असेल तर घडी फुटते आणि खालचा थर एकजीव होतो. टोपली नुकतीच उघडलेली असेल तर सरळ घ्या, पण तळाशी गेलेल्या टोपलीतून बटाट्याचा मागू नका. बटाटा आणि बीन्स शाकाहाऱ्यांना चालतील, पुन्हा मान्तेकाचा प्रश्न विचारूनच. माणशी पाच पुरतात, सोबत लोणच्यातल्या हलापेनो मिरच्या आणि गाजरं.

न्याहारी झाली की जवळच काकाश्त्ला या प्राचीन नगराचे अवशेष आहेत. तिथली भित्तिचित्रं 1975 साली सापडली. मोठं युद्धाचं चित्र सगळे बघतात, पण खाण्यासाठी निघालेल्याने लाल मंदिरातलं बघावं: तिथे मक्याच्या ताटांवर कणसांच्या जागी माणसांचे चेहरे आहेत.

गाडीवर वागायचं कसं, तेही सांगून टाकतो. 'कोन तोदो' म्हणजे कांदा-कोथिंबीर घालून. 'कोन कोपिया' म्हणजे खाली दुसरी तोर्तिया, रसाळ टाकोला ती हवीच. रंगावरून तिखटपणा ठरवू नका. हिरवी साल्सा अनेकदा लालपेक्षा जहाल निघते, आणि कोल्हापूरच्या माणसानेही आधी थेंबभर चाखावी. पैसे शेवटी द्यायचे, किती खाल्ले ते आपणच सांगायचं. सुटे ठेवा, 500 पेसोची नोट सकाळी सकाळी काढली की गाडीवाला वैतागतो. ताटलीवर प्लास्टिकची पिशवी चढवलेली दिसली तर ती धुण्याचं पाणी वाचवण्यासाठी असते. पर्यावरणाला वाईट, आपल्या पोटाला बरी.

किरोगा मात्र वेगळ्या दिशेला, पश्चिमेला मिचोआकान राज्यात, पात्स्क्वारो सरोवराच्या काठाजवळ. मोरेलियाहून बसने तासाभराचा रस्ता. अमेरिकी सरकार या राज्यात न जाण्याचा सल्ला देतं, त्यामुळे ताजी परिस्थिती बघून, दिवसाउजेडी आणि मुख्य रस्त्यानेच जावं किंवा सोडून द्यावं. गेलात तर चौकातच कार्नितासच्या कढया मांडलेल्या दिसतात. तांब्याच्या कढया या भागात घडवल्या जातात, सांता क्लारा देल कोब्रे हे तांबटांचं गाव पात्स्क्वारोच्या दक्षिणेला आहे. तांब्यात आच सगळीकडे सारखी पसरते, म्हणून मोठे तुकडे तळाशी करपत नाहीत.

डुकराचे मोठे तुकडे त्याच्याच चरबीत बुडवून दोन-अडीच तास शिजवतात. सुरुवातीला आच मोठी, मग मंद, शेवटी रंग येण्यासाठी पुन्हा मोठी. मीठ पाण्यात विरघळवून ओततात, तेव्हा कढई फसफसते. कोणी संत्रं घालतं, कोणी कोला. जुन्या वळणाचे लोक मीठ आणि चरबी याखेरीज काही मानत नाहीत, आणि माझंही मत त्यांच्याच बाजूचं. मधली आच फार कमी राहिली तर मांस करडं आणि उकडल्यासारखं लागतं, जास्त झाली तर बाहेरून काळं आणि आत चिवट. विक्रेते चाखायला तुकडा पुढे करतात, तो घ्यावा आणि तुटतो कसा ते बघावं. बोटांनी रेषा सुटायला हव्यात, पण चुरा होता कामा नये. मग 'मासिसा कोन क्वेरितो' मागा: लाल मांस आणि मऊ कातडी, दोन्ही लाकडी ओंडक्यावर एकत्र चिरून. सुर्तिदा मागितली तर पोट, कान, नाकाड सगळं येतं.

अकरा ते एक ही वेळ साधा. उरलं तर 'पारा येवार' म्हणून कागदात बांधून घ्या आणि मुक्कामी कोरड्या तव्यावर तेल न घालता गरम करा. कार्नितासमध्ये चरबी आहेच. मायक्रोवेव्हमध्ये कातडी रबर होते.