काहिलीचा आवाज आणि पीएचडीचा अर्ज

दिवाळीच्या आसपास कोल्हापूरच्या चारी बाजूंना गुऱ्हाळं पेटतात. इलेक्ट्रोअकूस्टिक संगीतात, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या आवाजांवर संगणकात काम करून घडवलेल्या संगीतात, पुढं शिकायचं, विद्यापीठात शिकवायचं आणि रचना करत राहायचं असं ज्यांनी ठरवलंय, त्यांनी पोर्टफोलिओची पहिली रचना तिथूनच आणावी, असं मला मनापासून वाटतं. सॉफ्टवेअरसोबत आलेले तयार आवाज कुणाकडंही असतात. फ्रेंच संगीतकार पिअर शेफरनं १९४८ साली पॅरिसच्या रेडिओत रेल्वेगाड्यांच्या आवाजापासूनच सुरुवात केली होती.

काहिलीत, म्हणजे उसाचा रस आटवायच्या मोठ्या कढईत, रचनेचा आराखडा आयताच मिळतो. रस पातळ असतो तोवर बुडबुडे बारीक आणि असंख्य, त्यामुळं वरच्या कंपनसंख्यांचा सलग सळसळाट ऐकू येतो. पाक घट्ट होत आला की बुडबुडे मोठे होतात, उशिरा फुटतात, आणि शेवटी 'बद्... बद्...' असे एकेक सुटे मोजता येतात. दोन-अडीच तासांचं हे आधण दहा मिनिटांत बसवायचं. टाइम-स्ट्रेचनं (पट्टी न बदलता आवाजाचा कालावधी बदलणाऱ्या साधनानं) सगळं एकदम दाबू नका, बुडबुड्यांची धार जाते आणि धातूसारखी किणकिण येते. आधणाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरचे वीस-तीस सेकंदांचे तुकडे निवडून ते एकमेकांत विरघळवा.

रेकॉर्डिंग २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर करा, पण माइक २० किलोहर्ट्झच्या वर ऐकत असेल तरच त्या ९६ चा फायदा. तसा नसेल तर आवाज दोन सप्तकं खाली उतरवल्यावर ५ किलोहर्ट्झच्या वर काहीच उरत नाही आणि सगळं घोंगडीखाली गेल्यासारखं वाटतं. सर्वांत मोठा आवाजही उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. कंडेन्सर माइक काहिलीपासून दीड-दोन मीटर लांब आणि वाफेच्या वाटेतून बाजूला असू द्या. कॅप्सूलवर, म्हणजे माइकच्या आवाज पकडणाऱ्या भागावर, दव धरलं की तडतड सुरू होते, आणि ती पाकाच्या आवाजात अशी मिसळते की नंतर वेगळी काढता येत नाही. चरक चालू असेल तर मोटरची घरघर सगळ्यावर बसते, म्हणून गाळप थांबल्यावरच टेप घ्या.

पिझो डिस्क (वस्तूची थरथर थेट टिपणारी चकती) काहिलीला चिकटवू नका, उष्णतेनं ती निकामी होते. ढवळायच्या फावड्याच्या लाकडी दांड्याला, वरच्या टोकाला बांधा. ती साध्या लाइन इनपुटला जोडली तर आवाज पत्र्यासारखा येतो. डिस्कची कपॅसिटन्स २० नॅनोफॅरॅड आणि इनपुटचा विद्युतरोध १० किलोओहम धरला, तर साधारण ८०० हर्ट्झच्या खालचं गळत जातं. १ मेगाओहमचं इनपुट घ्या, गिटारचंही चालतं. आणि पाक उतरायच्या वेळी गुळव्याशी बोलू नका. त्याचं लक्ष हललं तर अख्खं आधण करपतं.

आठ चॅनलची, म्हणजे श्रोत्यांभोवतीच्या आठ स्पीकरांतून वाजणारी, रचना असेल तर घोळ हमखास क्रमांकांत होतो. काही ठिकाणी स्पीकर डावा-उजवा अशा जोड्यांनी मोजतात, काही ठिकाणी घड्याळाच्या काट्याप्रमाणं गोल. क्रम चुकला तर श्रोत्यांभोवती फिरणारा आवाज दालनभर वेड्यावाकड्या उड्या मारतो. रचनेबरोबर प्रत्येक चॅनलमधून 'एक', 'दोन' असे आकडे बोलणारी चाचणी फाइल आणि स्पीकरच्या मांडणीचं चित्र पाठवा. स्टीरिओ आवृत्ती वेगळी मिसळा. आठ वाहिन्या नुसत्या बेरजेनं दोनात ओतल्या तर मधला भाग चिखल होतो.

ब्रिटनमधल्या रचनेच्या पीएचडीत प्रबंध म्हणजे मुख्यतः रचनांचा संच आणि त्यावरचं लेखी विवेचन. त्यामुळं पहिल्याच टेपपासून वही ठेवा: तारीख, माइक, अंतर, कुठला तुकडा कशासाठी निवडला. दोन वर्षांनी हे आठवून लिहिता येत नाही. जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायकीचा कान कोल्हापुरात अनेकांना घरातूनच मिळतो, त्याबद्दलही विवेचनात मोकळेपणानं लिहा. सुरांच्या जागा ऐकायची ती सवय पाकाच्या बुडबुड्यांनाही लागू पडते.

अनेक स्पर्धांत परीक्षकांना रचनाकाराचं नाव कळू द्यायचं नसतं. फाइलच्या नावातून ते सगळे काढतात, पण वेव्ह फाइलच्या मेटाडेटात (फाइलबरोबर साठवलेल्या माहितीत) सॉफ्टवेअरनं परस्पर भरलेलं नाव तसंच राहतं. पाठवण्याआधी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून त्या माहितीतला रचनाकाराच्या नावाचा रकाना बघा.