शिरोरेषा आणि अर्धा पिक्सेल

नागपुरातल्या कळमन्याच्या एका संत्रा अडत्याची वेबसाइट करून दिली. तिसऱ्या दिवशी त्यांच्या मुनीमजींचा फोन. "भाऊ, कार्ड मोठं झालं की अक्षर फुटून राहिलं. भाव वाचू कसा?"

कार्ड म्हणजे साइटवरची भावाची चौकट. इकडे धरमपेठेत माझ्या फोनवर तर सगळं स्वच्छ दिसत होतं. दुपारीच गाडी काढली. त्यांचा मॉनिटर जुना, १३६६ बाय ७६८. माझ्या फोनवर सीएसएसच्या (वेबपानाची मांडणी सांगणाऱ्या भाषेच्या) एका पिक्सेलला तीन बाय तीन ठिपके मिळतात, इथे एकच. मुनीमजींचं म्हणणं अगदी खरं होतं.

१३ पिक्सेलच्या मराठी मजकुरात शिरोरेषा जेमतेम एक पिक्सेल जाड असते. ती अर्ध्या पिक्सेलवर आली की एका काळ्या रेघेच्या दोन करड्या रेघा होतात आणि अनुस्वार त्यांत बुडतो. 'संत्रा' लिहिलेलं 'सत्रा' वाचलं जातं. इंग्रजी नमुन्यांवर तपासताना हे ध्यानात येत नाही, कारण त्या अक्षरांना डोक्यावर सलग रेघच नसते. मराठी साइट मराठी मजकुरावरच तपासली पाहिजे, याबाबत मी आता हट्टी झालोय.

अर्धा पिक्सेल आला कुठून? कार्ड मधोमध बसवायला मी ट्रान्सलेट, म्हणजे जागेवरून सरकवायची सूचना, उणे ५० टक्के दिलं होतं. कार्डाची उंची १३५. म्हणजे सरकणार ६७.५! उंची १३६ केली, ट्रान्सलेट काढून ग्रिड, म्हणजे चौकटींची मांडणी, लावलं.

दुसरं कारण जास्त चिवट होतं. कार्डावर 'विल-चेंज: ट्रान्सफॉर्म' (हे हलणार आहे, अशी ब्राउझरला आगाऊ सूचना) होतं आणि माउस नेला की स्केल, म्हणजे आकाराची पट, १ वरून १.२ होई. अशा वेळी ब्राउझर अक्षरं नव्यानं न रंगवता आधी रंगवलेला थर फोटोसारखा ताणू शकतो. म्हणून भावाचा आकडा आता शेवटच्या, मोठ्या मापातच लिहिलाय, तो ०.८५ वरून १ वर येतो. मोठं चित्र लहान करून दाखवलं तर चालतं, लहान ताणलं की फाटतं. बारीक मजकुराला स्केल अजिबात नाही. तो फक्त उजळतो आणि आठ पिक्सेल खालून वर सरकून आपल्या जागी थांबतो. हालचाल संपली की विल-चेंजही काढून टाकतो.

शीर्षक एकेक अक्षर उमटवायचं ठरलं होतं, ते सोडलं. 'क्विंटल' कोडपॉइंटनं (संगणक साठवतो त्या सुट्या चिन्हांनी) तोडला की क, पाय मोडायची खूण, व, वेलांटी, अनुस्वार, सगळे सुटे. इंटल.सेगमेंटर (मजकूर अक्षरांत तोडायची ब्राउझरची सोय) वापरून नव्या ब्राउझरांत जोडाक्षरं वाचवता येतात, पण प्रत्येक अक्षर वेगळं हललं की शिरोरेषेला फटी पडतात. आता अख्खे शब्द येतात.

पुन्हा कळमन्याला गेलो. मुनीमजींनी खुर्ची मागे सरकवली आणि तिथूनच वाचलं, "मृग बहार, मोठा माल." मग भाव वाचला. तो बरोबर होता.