तुम्ही विचारलंत म्हणून: येशूबद्दल कधी सांगता?

‘दुःखी माणसांच्या भेटीला जाता ते चांगलंच आहे, पण त्यांना येशूबद्दल सांगता कधी?’ हा प्रश्न मला दोन्हीकडून येतो. मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चमधली, माणसं विचारतात तेव्हा त्यात घाई असते: इतके महिने जातेयस, अजून बायबलचं वचन सांगितलं नाहीस? मंडळीबाहेरची विचारतात तेव्हा संशय असतो: माणूस खचलेला असताना हळूच त्याच्या गळी धर्म उतरवता ना? दोघांना माझं उत्तर एकच आहे. त्याने विचारलं की सांगते.

उत्तर सोपं आहे. पण माणूस विचारतोय हे ओळखायला मला फार वर्षं लागली.

मी पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू, नाही. मंडळीच्या भेटीच्या कामात आहे. कुणाच्या घरी मृत्यू झालेला असतो, कुणाचा संसार मोडलेला असतो, कुणाला डॉक्टरांनी आता काही करण्यासारखं नाही म्हणून सांगितलेलं असतं. आम्ही दोघी-दोघी जातो. सुरुवातीच्या काळात मुलगी गेलेल्या एका वडिलांना मी तिसऱ्याच दिवशी बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातलं 28वं वचन वाचून दाखवलं, देवावर प्रेम करणाऱ्यांसाठी सगळ्या गोष्टी मिळून कल्याणाच्या ठरतात, ते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने दोन्ही काचा सावकाश पुसल्या, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, ‘झालं तुमचं?’

त्या वचनावर माझा तेव्हाही विश्वास होता, आजही आहे. पण असं वचन दुःखातून गेलेल्या माणसाच्या स्वतःच्या तोंडून यावं लागतं, कधीतरी, त्याचं त्याला उमगलं की. मी ते बाहेरून आणून त्यांच्या अंगावर टाकलं. त्या घरी मला पुन्हा कुणी बोलावलं नाही, आणि त्यात त्यांचं काहीच चुकलं नाही.

नंतर बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक पुन्हा वाचलं, मुलं, धन, आरोग्य सगळं गमावलेल्या माणसाचं. अलीफज, बिल्दद आणि सोफर या त्याच्या तीन मित्रांना आपण नेहमी नावं ठेवतो. पण ते आले तेव्हा आधी मोठ्याने रडले, मग सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, आणि त्याचं दुःख फार मोठं आहे हे पाहून कुणी एक शब्द बोललं नाही. एवढं तरी आपल्यातल्या किती जणांना जमतं? त्यांचं बिघडलं ते तोंड उघडल्यावर. देवाची बाजू सावरण्यासाठी ते अध्यायामागून अध्याय ईयोबालाच दोषी ठरवत गेले. शेवटी देव कुणावर रागावला? या तिघांवर. देवाला उभा जाब विचारणारा ईयोब माझ्याविषयी नीट बोलला आणि तुम्ही नाही, असं तो त्यांना म्हणाला. हे वाचल्यापासून मी देवाची वकिली सोडली. त्याला तिची गरज नाही.

आता त्या बाईंविषयी सांगते. ओळख पटेल असं काही लिहीत नाही, आणि लिहू का म्हणून त्यांना विचारलं आहे. त्यांचा मुलगा दीर्घ आजाराने गेला. त्या कुठल्याच मंडळीच्या नव्हत्या. शेजारणीने ‘नुसतं भेटून या’ म्हणून सांगितलं म्हणून आम्ही गेलो. दुसऱ्या भेटीत त्यांनी एक वही आणून दाखवली. पट्टीने आखलेले रकाने: तारीख, वेळ, ताप, गोळी. सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ, पहाटे दोन. प्रत्येक गोळीपुढे बरोबरची खूण. शेवटच्या पानावर एक ओळ आखून ठेवलेली होती, वेळ लिहिलेली होती आणि पुढची खूण नव्हती.

‘अजून दोनला जाग येते हो ताई,’ त्या म्हणाल्या. ‘गजर लावलेला नसतो, तरी येते.’

मी वही हातात धरून बसले. पानं मागे उलटत गेले आणि त्या एकेका दिवसाचं सांगत गेल्या: या दिवशी हसला होता, या दिवशी गोळी थुंकून दिली होती. त्या दिवशी माझ्याकडून एकही वचन निघालं नाही. निघताना त्यांनी प्रार्थनेचं काही म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पाचव्या की सहाव्या भेटीत त्या एकदम उसळल्या. ‘तुमचा देव कुठे होता त्या पहाटे? बोला की! येऊन नुसत्या बसता!’ माझ्याबरोबर आलेली मंडळीतली नवी बहीण घाबरली, बाहेर आल्यावर म्हणाली, आता इथे यायला नको. मला मात्र हायसं वाटलं. ज्याला देवाशी काही देणंघेणं नसतं तो देवावर असा चिडत नाही. हेच ते विचारणं. श्रद्धा शोधणारी माणसं फार क्वचित म्हणतात, मला विश्वासाबद्दल सांगा. ती आरोप करतात. नाहीतर सहज विचारल्यासारखं विचारतात, मेल्यावर माणूस कुठे जातो हो? आणि लगेच विषय बदलतात.

बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानात 24व्या अध्यायात अम्माऊसच्या वाटेवरची गोष्ट आहे. यरुशलेमपासून साधारण 11 किलोमीटरची वाट, आणि येशूच्या मरणाने पार मोडलेले दोन शिष्य. पुन्हा उठलेला येशू त्यांच्याबरोबर चालू लागतो, पण ते त्याला ओळखत नाहीत. इथे काय काय घडलं ते तुला ठाऊक नाही का, असं ते विचारतात, तर तो म्हणतो, कोणत्या गोष्टी? ज्याच्यावर सगळं गुदरलं तोच विचारतो! आणि त्यांची सगळी कहाणी ऐकून घेतो, ‘आम्हाला तर आशा होती’ इथपर्यंत. मग बोलतो, चांगला खडसावूनही बोलतो. पण गाव जवळ आल्यावर तो पुढे जायला निघतो. त्यांनी आग्रह केला, राहा म्हटलं, तेव्हाच तो आत जातो. तुम्ही मला कधी सांगता म्हणून विचारता ना, माझा सगळा नियम या वाटेवरून घेतलेला आहे.

म्हणूनच मदतीच्या बदल्यात प्रार्थनासभेला या, असं कुणाला म्हणायचं नाही. हा देवाचा बोलावण्याचा मार्ग असेल, असं आजाऱ्याच्या उशाशी बोलायचं नाही. आणि एक आमच्याच घरातली गोष्ट, जी बोलायला मंडळीत फारसं कुणाला आवडत नाही. भेटीत ऐकलेलं दुःख ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून रविवारी चारचौघांत मांडलं जातं. हेतू चांगला असला तरी ही चुगलीच आहे. माणसाने तुमच्याजवळ ठेवलेली ठेव असते ती.

एका वेळी मात्र मी विचारण्याची वाट पाहत नाही. कुणाच्या बोलण्यात जगणं नकोसं झाल्याचं आलं, तर तिथल्या तिथे स्पष्ट विचारते: जीव द्यायचा विचार मनात येतो का? असं विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो ही भीती खोटी आहे. उलट माणूस मोकळा होतो. मग त्याला एकटं सोडायचं नाही, आणि मनोविकारतज्ज्ञाकडे बरोबर जायचं. प्रार्थना करा, सगळं ठीक होईल, असं सांगून परत येणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. एलीया संदेष्ट्याने झुडपाखाली बसून मरण मागितलं, तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिलं, दूताकरवी भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. बोलणं फार पुढे, डोंगरावर.

चॅड व्हारा नावाचे इंग्लंडमधले एक पाळक होते. पाळकपणाच्या सुरुवातीलाच त्यांनी एका कोवळ्या मुलीचा दफनविधी केला. पाळी सुरू झाली होती, तिला तो वाईट रोग वाटला, विचारायला कुणी नव्हतं, तिने जीव दिला. पुढे 1953 साली त्यांनी लंडनमधल्या आपल्या चर्चमधून टेलिफोनवर अशा माणसांचं ऐकून घेण्याचं काम सुरू केलं, तेच ‘समॅरिटन्स’. भेटायला येणारे लोक थांबलेले असत, तेव्हा साधे स्वयंसेवक त्यांच्याशी बोलत बसत. कित्येकांचं तेवढ्यानेच भागतं, हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि ऐकण्याचं काम त्यांनी स्वयंसेवकांवरच सोपवलं. तिथे धर्मोपदेश करायचा नाही हा नियम एका पाळकाने घातलेला आहे. मला तो फार ख्रिस्ती वाटतो.

तर त्या बाई. कुठे होता तुमचा देव, असं त्यांनी विचारलं, त्याच्या पुढच्या भेटीत मी त्यांना म्हटलं, तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, पण असंच विचारणारं कुणीतरी बायबलमध्ये आहे, वाचू का? त्यांनी मान हलवली. मी 88वं स्तोत्र वाचलं. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटाकडे आशेवर येतात, हे येत नाही. तू मला का टाकलंस, तोंड का लपवतोस, असं विचारत विचारत ते अंधारातच संपतं.

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘हे तुमच्या पुस्तकात आहे? छापलेलं?’ मी बायबल त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी ओळीवरून बोट फिरवत स्वतः वाचलं, शेवटापर्यंत. उठून वही आणली. शेवटच्या पानावर, त्या रिकाम्या जागेच्या खाली 88 असा आकडा लिहिला आणि विचारलं, ‘पहाटे दोनला वाचलं तर चालतं ना?’

चालतं, म्हटलं.