नायटा कडेलाच का पेटतो?

जुलैत मुंबईत कपडे दोरीवर दोन-दोन दिवस वाळत नाहीत. दमट जीन्स चढवायची, लोकलमध्ये घामाने निथळायचं, आणि मग जांघेत किंवा कमरपट्ट्याच्या रेषेवर खाज सुटते. पुढे गोल चट्टा उमटतो. मधली त्वचा जवळजवळ बरी, कड मात्र लाल, किंचित उंच, बारीक खवल्यांची. गजकर्ण म्हणा, नायटा म्हणा, सगळी मारामारी त्या कडेवर चालू असते.

नायटा होतो बुरशीमुळे. ही बुरशी त्वचेच्या अगदी वरच्या, मेलेल्या केराटिनच्या (त्वचेतल्या चिवट प्रथिनाच्या) थरात राहते. तिथे रक्त पोचत नाही. खालच्या जिवंत पेशींना चाहूल लागते ती बुरशीच्या भिंतीतल्या बीटा-ग्लुकानची. हा पदार्थ आपलं शरीर बनवतच नाही, त्यामुळे आधी कधी गाठ पडली नसली तरी तो परका आहे हे लगेच कळतं. उपजत प्रतिकारशक्ती म्हणतात ती हीच. पेशीवरचा डेक्टिन-१ हा रिसेप्टर (खूण ओळखणारं प्रथिन) त्याला पकडतो, आत कार्ड-९ या प्रथिनामार्फत निरोप जातो आणि रक्तातले न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) त्या जागी खेचले जातात. कार्ड-९ जन्मतःच बिघडलेलं असेल (फार दुर्मीळ), तर हीच साधी बुरशी त्वचेखाली खोल उतरते.

दुसरा उपाय त्वचा स्वतःच करते : वरचा थर भराभर टाकून देते. एरवी खाली तयार झालेली पेशी वर येऊन गळायला साधारण चार आठवडे लागतात, सूज आली की वेग वाढतो. खवले निघतात ते त्यामुळे, आणि त्यांच्याबरोबर बुरशीही गळते. मधली जागा अशी साफ होते, बुरशी बाहेरच्या ताज्या केराटिनकडे सरकते, वर्तुळ मोठं होतं.

म्हणूनच तपासणीसाठी खवले कडेवरून घ्यायचे. स्पिरिटने पुसून बोथट पात्याने खरवडायचं, काचपट्टीवर १० ते २० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा, केराटिन विरघळायला दहा-वीस मिनिटं द्यायची. मग सूक्ष्मदर्शकाखाली फांद्या फुटलेले, आडव्या पडद्यांचे तंतू दिसतात. नमुना मधून घेतला, किंवा आदल्या दिवसापर्यंत मलम चोपडलेलं असलं, की ‘बुरशी नाही’ असा खोटा दिलासा मिळू शकतो.

आता मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली ती ट्यूब. तिच्यात बुरशीनाशक, अँटिबायोटिक आणि क्लोबेटासोलसारखं जोरदार स्टेरॉइड एकत्र असतं. दोन दिवसांत खाज थांबते, कारण लाली आणि खाज ही मुळात आपल्याच पेशींची कामगिरी. स्टेरॉइड तो निरोपच दाबतं : न्यूट्रोफिल येत नाहीत, खवले गळणं मंदावतं, बुरशी निवांत पसरते. कड पुसट होते, कधी वर्तुळात वर्तुळ उमटतं, आणि मग डॉक्टरलाही नायटा चटकन ओळखू येत नाही. ट्यूब बंद केली की दुप्पट भडका. जांघेतल्या पातळ त्वचेवर पडलेले स्टेरॉइडचे चरे तर पुरते जात नाहीत. माझ्या मते पावसाळ्यातली ही सगळ्यात महाग पडणारी स्वस्त वस्तू.

साधं बुरशीनाशक मलम दिलं असेल तर दिवसातून २ वेळा, कडेच्या बाहेर २ सेंटिमीटरपर्यंत, आणि चट्टा गेल्यावरही २ आठवडे लावायचं. बाहेरचे ते दोन सेंटिमीटर बहुतेक जण विसरतात. टॉवेल वेगळा, अंतर्वस्त्रं उलटी करून शिवणीवर इस्त्री. तीन-चार आठवड्यांत फरक नसेल तर त्वचारोगतज्ज्ञ गाठा : आपल्याकडे पसरलेल्या ट्रायकोफायटॉन इंडोटिनी या जातीच्या बऱ्याच बुरशींवर टर्बिनाफिन हे नेहमीचं बुरशीनाशक चालत नाही.

बुरशी श्वासातून आत गेली तर फुप्फुसातला खेळ वेगळा. ओल धरलेल्या भिंतीवरच्या ॲस्परजिलस या बुरशीचे बीजाणू जेमतेम २-३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). बाहेरचं प्रथिनाचं आवरण बीटा-ग्लुकान झाकून ठेवतं. बीजाणू काही तासांत फुगतो, आवरण फाटतं, आणि मॅक्रोफेज ही भक्षक पेशी त्याला गिळते. निसटलेल्याचा तंतू झाला की तो गिळण्याच्या पलीकडे लांब. मग न्यूट्रोफिल त्याला बाहेरून चिकटून जहाल ऑक्सिडंट सोडतात, स्वतःच्या डीएनएची जाळी टाकतात. केमोथेरपीत न्यूट्रोफिल रक्ताच्या मायक्रोलिटरला ५०० च्या खाली गेले की हा पहारा उरत नाही. अशा माणसाने घरातली काळी पडलेली भिंत घासायला जाऊ नये, घासत असतील त्या खोलीतही थांबू नये. आणि जो घासेल त्याने आधी ती ओली करावी; कोरड्या ब्रशने बीजाणू घरभर उडतात.