पाय ५ वर रेडिस उभं करताना

वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपचं डेटा गोळा करायचं काम माझ्याकडे आहे. मशिनवरचे सेन्सर आकडे पाठवतात, ते रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरच्या रेडिसमध्ये, म्हणजे मेमरीत चालणाऱ्या डेटाबेसमध्ये, जमा होतात आणि शॉपफ्लोअरच्या स्क्रीनवर दिसतात. पाय ४ वर हे बिनबोभाट चालू होतं. नव्या लाइनसाठी पाय ५ घेतला, तोच कंटेनर (रेडिस आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं गाठोडं) त्यावर चढवला, तर रेडिस उभंच राहीना. सुरू झालं की बंद, पुन्हा रीस्टार्ट, पुन्हा बंद. लॉगमध्ये एकच ओळ: 'जेमॅलॉक: अनसपोर्टेड सिस्टिम पेज साइझ'.

मालक शेजारीच उभे होते. "अहो, जुन्यावर चालतंय ना? मग नव्यावर का नाही?"

प्रश्न अगदी रास्त होता. टर्मिनलवर मेमरीच्या पानाचा आकार बाइटमध्ये सांगणारं 'गेटकॉन्फ पेजसाइझ' चालवलं. जुन्या पायवर उत्तर आलं ४०९६, नव्यावर १६३८४. उलगडा तिथेच झाला.

कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, मेमरी देतो ती पानापानाने. पाय ५ चा नेहमीचा कर्नल १६ केबीचं पान वापरतो. पान मोठं असलं की पत्त्यांच्या नोंदी कमी लागतात आणि काम वेगाने होतं. जेमॅलॉक ही पानं घेऊन त्यांचे तुकडे प्रोग्रामला वाटतं. जेसन इव्हान्स यांनी लिहिलेलं हे जेमॅलॉक २००८ च्या फ्रीबीएसडी ७.० पासून त्या ऑपरेटिंग सिस्टिमचं मूळ मॅलॉक, म्हणजे मेमरी वाटणारा अ‍ॅलोकेटर, झालं. लिनक्सवर रेडिस ते स्वतःबरोबरच घेऊन येतं. पण पानाचा आकार जेमॅलॉकमध्ये कंपाइल करतानाच पक्का होतो. कर्नलचं पान त्याहून लहान असेल तर चालतं, मोठं असेल तर ते सुरूच होत नाही. आमचा कंटेनर बांधणाऱ्याने ४ केबी धरलं होतं. जेमॅलॉकने सुरुवातीलाच थांबून कारण सांगितलं, हे मला फार मोलाचं वाटतं. चुकीच्या हिशेबावर मेमरी वाटत राहिलं असतं, तर बिघाड कुठे आहे हे शोधताना जीव गेला असता.

सुटायच्या वाटा तीन होत्या. पायच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, कॉन्फिग डॉट टीएक्सटीमध्ये, 'कर्नल=कर्नल८.आयएमजी' लिहून रीबूट केलं की पाय ५ सुद्धा ४ केबीवर येतो. लाइन अडकून पडू नये म्हणून त्या दिवशी तेवढं करून दिलं. पण एका प्रोग्रामसाठी अख्ख्या मशिनचा कर्नल बदलणं मला पटत नव्हतं. दुसरी वाट 'मॅलॉक=एलआयबीसी' देऊन रेडिस बांधायची, म्हणजे लिनक्सच्या नेहमीच्या सी लायब्ररीचं, जीलिबसीचं, मॅलॉक वापरायचं. तेही उत्तम आहे, पण रेडिसचं चालू स्थितीतलं डीफ्रॅग (विखुरलेली मेमरी आवरून घेणं) त्याच्यासोबतच्या जेमॅलॉकशिवाय मिळत नाही. आमच्याकडे लहान लहान की, म्हणजे रेडिसमधल्या नोंदी, सतत बनतात आणि पुसल्या जातात, मशिन महिनोन्‌महिने बंद होत नाही. डीफ्रॅग सोडायची माझी तयारी नव्हती.

म्हणून तिसरी वाट धरली. आधी 'मेक डिस्टक्लीन', कारण आधीच्या बिल्डचे पर्याय जपून ठेवलेले असतात. मग जेमॅलॉकच्या कॉन्फिगरला 'विथ-एलजी-पेज' १६ दिलं. हा आकडा दोनाचा घातांक असतो, त्यामुळे १६ म्हणजे ६५५३६ बाइट, ६४ केबी. पाय ५ ला १४ पुरलं असतं. पण १६ घेतलं की ४, १६ आणि ६४ केबी अशा तिन्ही कर्नलवर एकच बायनरी (कंपाइल केलेला प्रोग्राम) चालते.

कॉन्फिगमधली ती ओळ काढली, रीबूट केलं. पेजसाइझ १६३८४, आणि रेडिस चालू. 'इन्फो मेमरी'मध्ये 'मेम_अ‍ॅलोकेटर' समोर जेमॅलॉक दिसल्यावरच मालकांना हाक मारली. जुनी आरडीबी फाइल, म्हणजे रेडिसने डिस्कवर जपलेला डेटा, जशीच्या तशी उघडली. फाइलचा आणि अ‍ॅलोकेटरचा तसा संबंधच नसतो.

मोठं पान धरून बांधलं की मेमरी थोडी जास्त लागते, हे खरं. तरी एआरएमसाठी, म्हणजे पायसारख्या प्रोसेसरसाठी, तयार बायनरी वाटणाऱ्यांनी 'विथ-एलजी-पेज' १६ च द्यावं, असं माझं ठाम मत आहे. कंटेनर बांधणाऱ्यालाही मी बिल्डच्या ओळीसकट तसंच कळवलंय.