इटा बाय एस काढताना

अणुकेंद्रं प्रचंड वेगाने आपटली की प्रोटॉन-न्यूट्रॉन वितळून क्वार्क आणि ग्लुऑनांचा तप्त द्रव होतो, तो क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा. त्याची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध, थेट मोजणारं यंत्र नाही. या द्रवाच्या थेंबाचं आयुष्य इतकं की तेवढ्यात प्रकाश जेमतेम १० फर्मी जातो (१ फर्मी म्हणजे १०⁻¹⁵ मीटर). हाती लागतात ते डिटेक्टरपर्यंत पोचलेले पायॉन, केऑन, प्रोटॉन असे कण. म्हणून गणित उलटं करावं लागतं: श्यानता धरायची, टक्कर संगणकावर घडवायची आणि निघालेले कण खऱ्या मोजणीशी ताडायचे. इथले तपशील एलएचसी या कणत्वरकावरच्या, २.७६ टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या, शिशाच्या अणुकेंद्रांच्या टकरींचे आहेत. मी जुळवतो ते आकडे तिथल्याच ॲलिस प्रयोगाचे.

काढायची ती श्यानता (इटा) भागिले एन्ट्रॉपी घनता (एस, दर घनफळामागची एन्ट्रॉपी), म्हणजे इटा बाय एस. नुसती श्यानता डांबराच्या हजारपटीहून जास्त भरते! भागाकार केला की मगच द्रव किती पातळ आहे ते दिसतं. कोव्हटुन, सोन आणि स्टारिनेट्स यांनी २००५ मध्ये सुचवलेली या भागाकाराची खालची मर्यादा नैसर्गिक एककांत सुमारे ०.०८ आहे. पाणी सगळ्यात पातळ असतानाही तिच्या २५ पटींच्या घरात असतं.

टक्कर जरा बाजूने झाली की थेंब बदामाच्या आकाराचा होतो. बदामाच्या आखूड बाजूने दाबाचा उतार तीव्र, म्हणून तिकडे कण जास्त फेकले जातात; या असमतोलाचं माप म्हणजे वी-टू. श्यानता तो कमी करते. पण वी-टू मुळात बदाम किती चपटा होता यावरही ठरतो, आणि फसगत इथेच होते. सुरुवातीच्या आकाराची दोन मॉडेलं आहेत, ग्लॉबर आणि बदाम जास्त चपटा देणारं केएलएन. ग्लॉबरचा आकार घेतला तर इटा बाय एस ०.०८ येतो, केएलएनचा घेतला तर ०.२० च्या आसपास, आणि वी-टू दोन्हीकडे छान जुळतो. सोडवणूक केली वी-थ्रीने, म्हणजे कणांच्या तीन दिशांना होणाऱ्या फेकीच्या मापाने. अल्व्हर आणि रोलंड यांनी २०१० मध्ये दाखवलेला हा त्रिकोणी प्रवाह न्यूक्लिऑनांच्या (अणुकेंद्रातल्या प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्या) विस्कळीत जागांमधून येतो आणि श्यानतेने वी-टूपेक्षा लवकर दबतो. ०.२० घातलं की तो मोजणीच्या खाली जातो. एकट्या वी-टूवरून काढलेल्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही.

संगणकावरची साखळी अशी: ट्रेंटो या मॉडेलमधून सुरुवातीचा आकार, साधारण १ फर्मीभर मुक्त प्रवास, मग श्यान हायड्रोडायनॅमिक्स (श्यान द्रवाच्या प्रवाहाचं गणित), तापमान १५० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास आलं की द्रवाचं कणांत रूपांतर आणि शेवटी त्या कणांच्या आपसातल्या टकरी चालवणारा यूआरक्यूएमडी हा प्रोग्रॅम. सेंट्रॅलिटी, म्हणजे टक्कर किती समोरासमोर झाली ते, प्रयोगासारखीच, निघालेल्या कणांच्या संख्येने लावायची. आघात-अंतरावरून (दोन केंद्रांमधल्या आडव्या अंतरावरून) लावली तर टोकाच्या टकरींत चूक शिरते.

सर्वांत जास्त वेळ जाळी खाते, म्हणजे ज्या ठिपक्यांवर हायड्रोडायनॅमिक्सचं गणित चालतं ती. ठिपक्यांमधलं अंतर जास्त असेल तर गणितच बारीक उंचवटे पुसून टाकतं आणि ते हुबेहूब श्यानतेसारखं दिसतं. ०.५ फर्मी रुंदीच्या न्यूक्लिऑनला ०.१ फर्मीपेक्षा मोठी जाळी मी वापरत नाही. अंतर निम्मं करून वी-थ्री वाढला, तर आधीचा निकाल रद्द. कोड नवा असेल तर आधी गब्सर प्रवाहाच्या, म्हणजे ज्याचं अचूक उत्तर माहीत आहे अशा एका आदर्श प्रवाहाच्या, उत्तराशी तपासायचा. फर्मी आणि गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट यांच्यात एककं बदलताना ०.१९७३ चा गुणक कुठे राहून गेला असेल तर तेही इथेच उघडं पडतं.

घनश्यानता, म्हणजे द्रव फुगताना होणारा विरोध, शून्य ठेवू नये. ती नसली की थेंब जोरात फुटतो, पायॉनांचा सरासरी आडवा (शलाकेला काटकोनातला) संवेग चढतो आणि त्याची भरपाई दुसरे पॅरामीटर चुकीच्या दिशेने सरकून करतात.

पंधराएक पॅरामीटर एकदम हलवायचे म्हटल्यावर प्रत्येक ठिकाणी हजारो टकरी चालवणं परवडत नाही. लॅटिन हायपरक्यूब या पद्धतीने पॅरामीटरांच्या मूल्यांचे समान पसरलेले ५०० संच, म्हणजे ठिकाणं, निवडायची, तिथे पूर्ण साखळी चालवायची आणि मधल्या जागांचा अंदाज देण्यासाठी गाउसियन प्रोसेस हे संख्याशास्त्रीय मॉडेल शिकवायचं. त्यानंतर मार्कोव्ह साखळी, म्हणजे मोजणीशी जुळणारी मूल्यं यादृच्छिक पावलांनी शोधण्याची पद्धत. खरे आकडे घालण्याआधी मॉडेलचंच एक ठिकाण ‘प्रयोग’ म्हणून घालून बघतो; घातलेला इटा बाय एस परत निघाला नाही तर पुढे जाण्यात अर्थ नाही. प्रयोगातल्या पद्धतशीर त्रुटी एकमेकींशी बांधलेल्या असतात. त्या सुट्या धरल्या की उत्तराचा पट्टा खोटा अरुंद येतो.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या गटाने २०१९ मध्ये याच वाटेने इटा बाय एसचं किमान मूल्य ०.०८५ काढलं, दोन्हीकडे सुमारे ०.०२५ ची मुभा ठेवून. हे संक्रमण तापमानाजवळचं, म्हणजे जिथे प्लाझ्माचे साधे कण होतात तिथलं. ३०० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या पुढे पट्टा फाकतो आणि तिथे दिसतं ते बरंचसं आपणच आधी धरलेल्या मर्यादांचं प्रतिबिंब. म्हणून आलेखात त्या मर्यादा मी फिकट रंगात मागे काढून ठेवतो.