यादीतली सगळ्यात जुनी ओळ

पाडव्याला वहीत लिहिलेली ‘बोअरचं बघणे’ ही ओळ मृग निघाला तरी जशीच्या तशी होती.

लातूरला माझी नोकरी. त्यातून उरलेल्या वेळात माझी म्हणून चार कामं: आजोबांची मोडीतली कागदं वाचून घेणं, गच्चीवर भाजी लावणं, जुनी सायकल नीट करणं आणि छताचं पाणी बोअरला सोडणं. आधी फोनमध्ये यादी केली. आठवण वाजली की बोटानं बाजूला सारायची सवय लागली, चार दिवसांत तो प्रकार संपला. मग दोनशेपानी वही घेतली. सायकल झाली, भाजी लागली.

अडलं ते बोअरपाशी. 2016च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा घागरींच्या रांगेत उभं राहून मी ठरवलं होतं की छताचा थेंब वाया घालवायचा नाही. पुढं पाऊस बरा झाला अन् ठरवलेलं विसरलो. आपलं असंच असतं.

आठवडा संपला की राहिलेली कामं नव्या पानावर उतरवायची, हा माझा नियम. ही ओळ दहा वेळा उतरवली. शेवटी शेवटी अक्षर इतकं बिघडलं की ‘बोअर’चं ‘बोर’ झालं, आणि ते काही खोटं नव्हतं.

आळस म्हणाल तर तसंही नाही. दर रविवारी मिस्त्रीला फोन करत होतो. तो म्हणायचा, “सर, सामान आणून ठेवा की, एका दिवसात बसवून देतो.” दुकानात गेलो. काउंटरवरच्या पोरानं मान वर न करता विचारलं, “किती इंची? किती फूट? एल्बो किती, टी किती?” मला काय माहीत! “मग मिस्त्रीकडून यादी आणा, काका.” परत मिस्त्रीला फोन. “बघितल्याबिगर यादी कशी देऊ, सर?” मग या की बघायला! “येतो ना, सोमवारी.” असे किती सोमवार गेले ते वहीवरून मोजता येतील. मी दोघांवरही जाम चिडलो होतो. रात्री जेवताना तेच पुराण लावलं, तर बायको म्हणाली, “अहो, तुम्ही तरी एकदा वर जाऊन बघितलं का?”

नव्हतं बघितलं.

रविवारी सकाळी टेप घेऊन गच्चीवर गेलो. पाणी उतरायची तोंडं चार. त्यातलं एक कावळ्यानं आणलेल्या काड्यांनी बुजलेलं. प्रत्येक तोंडापासून बोअरपर्यंतचं अंतर मोजलं, पायरीवर बसून लाईटबिलाच्या पाठीवर वेडावाकडा नकाशा काढला आणि फोटो मिस्त्रीला पाठवला. सगळी मिळून वीस मिनिटं. चहा पिऊन होतोय तोवर त्याचा आवाजी मेसेज आला: चार इंची पाइप इतके, एल्बो इतके, एक टी, एक व्हॉल्व्ह. दोनदा ऐकून वहीत उतरवला आणि दुकान उघडायच्या आधी दारात उभा राहिलो. पोरानं या वेळी मान वर केली.

तेव्हापासून ‘चं बघणे’ असं वहीत लिहायचं नाही. लिहायचं तर ‘टेप घेऊन गच्चीवर जाणे’, म्हणजे हातात काय धरायचं ते कळतं. आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं: दुसऱ्याकडं अडकलेली कामं वहीच्या मागच्या पानावर वेगळी लिहा, शेजारी फोन केल्याची तारीख टाका. रोजच्या पानात ती ठेवली की उगाच रक्त आटतं.

टेप हातात होताच म्हणून छतही मोजलं, 800 चौरस फूट. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. म्हणजे 100 मिलिमीटर पावसात माझ्या छतावर सात हजार लिटरच्या वर पाणी पडतं. हा हिशेब पाडव्यालाच केला असता तर ओळ दहा वेळा उतरवली नसती, असं वाटतं. बायकोला तसं वाटत नाही.

मिस्त्री आला, वाळू-खडीचा गाळणखड्डा झाला, पाइप बसले. छतावरची धूळ धुऊन निघावी म्हणून पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायला तो व्हॉल्व्ह होता. पहिला पाऊस झाला, व्हॉल्व्ह उघडा होता, बरोबरच होतं. दुसरा रात्रभर पडला. सकाळी बघतो तर सगळं पाणी गटारीत. व्हॉल्व्ह बंद करणं यादीत नव्हतं.